मॅरिसच्या मागे मँटल: १९६१च्या एका बॅटिंग ऑर्डरचा हिशोब

१९६१च्या बेसबॉल मोसमात न्यूयॉर्क यँकीजच्या रॉजर मॅरिसने ६१ होम रन (चेंडू कुंपणापलीकडे धाडणारे फटके) मारले आणि बेब रूथचा १९२७ सालचा ६० होम रनचा विक्रम मोडला. त्याच मोसमातला आणखी एक आकडा मला या ६१ इतकाच महत्त्वाचा वाटतो. तो आहे शून्य. अमेरिकन लीगमधल्या नऊ प्रतिस्पर्धी संघांपैकी एकानेही वर्षभरात मॅरिसला एकदाही ठरवून वॉक दिला नाही.

बेसबॉल फारसा न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगतो. पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, चार चेंडू स्ट्राइक झोनच्या (बॅटरसमोरच्या ठरलेल्या पट्ट्याच्या) बाहेर टाकले आणि बॅटरने ते सोडून दिले, तर बॅटरला पहिला बेस, म्हणजे धाव पूर्ण करायच्या वाटेवरचा पहिला थांबा, फुकट मिळतो. त्याला वॉक म्हणतात. समोरचा बॅटर फार धोकादायक असेल, तर संघ ठरवूनच त्याला वॉक देतो आणि पुढच्या, तुलनेने सोप्या बॅटरला गाठतो. मोसमात ६१ वेळा चेंडू कुंपणापलीकडे धाडणाऱ्या माणसावर ही वेळ एकदाही येऊ नये, हे विलक्षणच आहे. याचं कारण तेव्हापासून आजपर्यंत एकच सांगितलं जातं: मॅरिस तिसऱ्या क्रमांकावर यायचा आणि त्याच्या मागे चौथ्या क्रमांकावर मिकी मँटल उभा असायचा. मॅरिसला सोडलं की मँटलशी गाठ. म्हणून पिचरना मॅरिसला खेळता येतील असे चेंडू टाकावे लागले आणि त्याचं फावलं, असा हा युक्तिवाद. बेसबॉलमध्ये याला ‘प्रोटेक्शन’ म्हणतात.

मला हा युक्तिवाद खटकतो, कारण त्यात मॅरिसच्या कर्तबगारीतला मोठा वाटा परस्पर मँटलच्या नावावर जमा होतो. आकडे बारकाईने पाहिले तर क्रमांकाने मॅरिसला खरोखरच काहीतरी दिलं होतं, पण ते वेगळंच होतं.

क्रिकेटमधल्या बॅटिंग ऑर्डरची आपल्याला इतकी सवय असते की बेसबॉलमधली ऑर्डर समजून घेताना गल्लत होते. २७ मार्च १९९४ला ऑकलंडमध्ये नवज्योत सिद्धू खेळू शकत नव्हता म्हणून सचिन तेंडुलकर सलामीला गेला आणि त्याने ४९ चेंडूंत ८२ धावा केल्या. एकदिवसीय सामन्यांत तोवर त्याच्या नावावर एकही शतक नव्हतं. सलामीला गेल्यामुळे त्याच्या वाट्याला जास्त चेंडू आले, नवा चेंडू आला, मोकळं क्षेत्ररक्षण आलं. क्रिकेटमध्ये क्रमांक बदलला की खेळण्याची परिस्थितीच बदलते. बेसबॉलमध्ये मात्र नऊ जणांची साखळी पुन्हा पुन्हा फिरत राहते. आउट झालेला बॅटर थोड्या वेळाने परत येतो. पहिला आणि नववा यांच्या खेळण्याच्या परिस्थितीत फरक असतो तो मुख्यतः सामन्यातल्या पहिल्या फेरीपुरता, नंतर सगळं चक्रच. त्यामुळे क्रमांकाचा परिणाम इथे क्रिकेटपेक्षा बारीक असतो आणि तो शोधायला मोठा नमुना लागतो.

आणखी एक अडचण आहे. तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावरच्या बॅटरांची सरासरी आठव्या-नवव्या क्रमांकापेक्षा चांगली दिसते, हे कुठल्याही मोसमात खरं असतं. पण ती चांगली असते कारण मॅनेजर चांगल्या बॅटरांनाच तिथे पाठवतो. क्रमांकामुळे खेळ सुधारला की खेळामुळे क्रमांक मिळाला, हे नुसत्या सरासरीवरून सांगता येत नाही. म्हणून एकाच बॅटरला वेगवेगळ्या परिस्थितीत पाहणं हाच त्यातल्या त्यात बरा मार्ग. मॅरिसच्या बाबतीत ते करता येतं.

हाउकची मांडणी

१९६०ची वर्ल्ड सीरिज, म्हणजे मोसमाअखेरची अजिंक्यपदाची मालिका, यँकीज पिट्सबर्ग पायरेट्सकडून हरले आणि मॅनेजर केसी स्टेंगलला जावं लागलं. त्याच्या जागी राल्फ हाउक आला. मॅरिस १९६० साली यँकीजमध्ये आला होता. संघाकडून पहिल्याच सामन्यात, बोस्टनमध्ये, स्टेंगलने त्याला चक्क सलामीला पाठवलं आणि त्याने दोन होम रन मारले. त्या मोसमात पुढे मँटल तिसरा आणि मॅरिस त्याच्या मागे चौथा अशी मांडणी रूढ झाली. हाउकने ती फिरवली. मँटलला त्याने चौथ्या, म्हणजे ‘क्लीनअप’च्या जागी आणलं. संघाचा मुख्य आधार तोच, हे त्याला सगळ्यांना दाखवून द्यायचं होतं.

यँकीज संघाला या दोन जागांचं वेगळंच अप्रूप. १९२९मध्ये त्यांनी खेळाडूंच्या पाठीवर कायमचे क्रमांक घातले तेव्हा ते बॅटिंग ऑर्डरप्रमाणेच दिले: रूथ तिसरा म्हणून ३, लू गेहरिग चौथा म्हणून ४. रूथच्या ६० होम रनच्या मोसमातही त्याच्या मागे गेहरिग होता आणि त्यानेही त्या वर्षी ४७ मारले होते. त्यामुळे मॅरिस आणि मँटल एकापाठोपाठ येऊ लागले तेव्हा वर्तमानपत्रांना तुलना आयती मिळाली.

मॅरिसची सुरुवात मात्र थंड होती. पहिला होम रन २६ एप्रिलला डेट्रॉइटमध्ये आला, संघाच्या अकराव्या सामन्यात. १६ मेपर्यंत त्याच्या नावावर फक्त तीन होते. सुरुवातीच्या आठवड्यांत हाउक त्याला खालच्या क्रमांकांवरही पाठवत होता. मेच्या उत्तरार्धात चित्र पालटलं: मेअखेर १२, जूनअखेर २७, जुलैअखेर ४०, ऑगस्टअखेर ५१. तो तिसऱ्या क्रमांकावर स्थिरावला आणि होम रन सुरू झाले हे दोन्ही साधारण एकाच सुमाराला घडलं, म्हणून लोकांनी त्यांचा कार्यकारणसंबंध जोडला. पण चांगला बॅटर पाच आठवडे चाचपडला आणि मग सापडला, हे क्रमांक न बदलतासुद्धा दरवर्षी कुठे ना कुठे घडत असतं.

वॉक वाढले

प्रोटेक्शनचा दावा खरा असेल तर त्याची एक खूण दिसायला हवी. पिचर मॅरिसला टाळू शकत नव्हते, म्हणजे त्याला मिळणारे एकूण वॉक घटायला हवेत. नुसते ठरवून दिलेले नव्हेत, सगळेच. कारण धोकादायक बॅटरला टाळण्याची नेहमीची रीत ठरवून वॉक देण्याची नसतेच. पिचर कडेकडेने टाकत राहतो, बॅटर हुरळून मारायला गेला तर बरं, नाही गेला तर वॉक.

१९६०मध्ये मॅरिस ५७८ वेळा प्लेटसमोर उभा राहिला आणि त्याला ७० वॉक मिळाले. (प्लेटसमोर येण्याच्या प्रत्येक वेळेला पुढे मी ‘खेप’ म्हणतो. वॉक वगैरे वजा करून उरणारा अधिकृत आकडा म्हणजे अ‍ॅट-बॅट.) हे प्रमाण साधारण १२.१ टक्के. १९६१मध्ये ६९८ खेपांत ९४ वॉक, म्हणजे साधारण १३.५ टक्के. मँटल पाठीशी असताना मॅरिसचे वॉक वाढले. म्हणजे पिचर त्याला घाबरून कडेनेच टाकत होते आणि तो संयमाने ते चेंडू सोडत होता. ‘पिचरना त्याला सरळ चेंडू टाकावेच लागले’ हे वाक्य या आकड्यापुढे टिकत नाही.

मग ते शून्य कुठून आलं? मँटलचा धाक त्यात होताच, ते नाकारण्यात अर्थ नाही. २२ मे १९६२चा सामना त्याची साक्ष देतो. त्याच्या चारच दिवस आधी मँटल जायबंदी झाला होता. लॉस एंजेलिस एंजल्सविरुद्ध नेहमीच्या नऊऐवजी बारा इनिंगपर्यंत लांबलेल्या त्या लढतीत मॅरिसला एकाच दिवशी चार वेळा ठरवून वॉक देण्यात आला. आदल्या अख्ख्या मोसमात शून्य आणि मँटल नाही म्हटल्यावर एका सामन्यात चार! मागे कोण उभा आहे हे विरुद्ध संघाचा मॅनेजर पाहतो, यात शंका नाही.

पण शून्यामागे दुसरंही एक कारण आहे आणि ते मला कुणी फारसं सांगितलेलं आठवत नाही. त्यासाठी मॅरिसच्या मागे पाहण्याऐवजी पुढे पाहावं लागतं.

पुढचे दोघे

१९६१च्या यँकीजची सलामी साधारणपणे बॉबी रिचर्डसन करायचा आणि दुसऱ्या क्रमांकावर टोनी कुबेक यायचा. एक सेकंड बेसमन, दुसरा शॉर्टस्टॉप. दोघेही उत्तम क्षेत्ररक्षक, चपळ, बॅटला चेंडू लावणारे. त्या काळी सलामीला असेच बॅटर पाठवत. पण बेसवर पोहोचण्याच्या बाबतीत दोघे कमकुवत होते. रिचर्डसन वर्षभरात ७०४ खेपा खेळला, म्हणजे संघातल्या सगळ्यांपेक्षा जास्त, आणि त्याला वॉक मिळाले ३०. त्याची ऑन-बेस टक्केवारी, म्हणजे बेसवर पोहोचण्याचं प्रमाण, ०.२९५. कुबेकची ०.३०६. म्हणजे दहातल्या सात वेळा यांपैकी प्रत्येक जण आउट होऊन परतायचा.

पहिल्या इनिंगचा ढोबळ गुणाकार करू. (तीन बॅटर आउट झाले की संघाची इनिंग संपते.) रिचर्डसन आउट होण्याची शक्यता ०.७०५, कुबेकची ०.६९४. दोघेही आउट होण्याची शक्यता सुमारे ०.४९. ही जोडी सलामीला असली की जवळजवळ निम्म्या सामन्यांत मॅरिस पहिल्यांदा बॅट घेऊन यायचा तेव्हा दोन आउट झालेले आणि बेस रिकामे असायचे.

ठरवून वॉक कधी देतात? दुसऱ्या किंवा तिसऱ्या बेसवर रनर आहे, पहिला बेस मोकळा आहे, धावेचा धोका आहे, तेव्हा. बेसवर कोणीच नसताना असा वॉक क्वचितच देतात. बॅरी बाँड्ससारखा अपवाद सोडला, तर. २००४मध्ये बाँड्सला १२० वेळा ठरवून वॉक दिला गेला, कारण त्याच्याबाबतीत विरुद्ध संघांनी नेहमीचा हिशोबच गुंडाळून ठेवला होता. मॅरिसच्या वेळी असं काही नव्हतं. रिचर्डसन आणि कुबेक बेसवर कमी पोहोचत होते, म्हणून मॅरिसला टाळावं असा मोकाच विरोधकांना कमी मिळत होता. त्या शून्याचं थोडं श्रेय मँटलच्या दबदब्याला, तर थोडं या दोघांच्या आउट होण्यालाही जातं.

याची किंमत मॅरिसने आरबीआयमध्ये मोजली. आरबीआय म्हणजे बॅटरच्या खेळीमुळे संघाला मिळालेल्या धावा, त्यात त्याने स्वतः होम रनवर काढलेली धावही धरतात. ६१ होम रन मारणाऱ्या मॅरिसचे आरबीआय होते १४१. स्वतःच्या ६१ धावा वजा केल्या तर इतरांना त्याने घरी आणलं फक्त ८० वेळा. त्याच वर्षी बाल्टिमोरच्या जिम जेंटीलचे होम रन होते ४६, म्हणजे पंधरा कमी, आणि आरबीआय तेवढेच, १४१. त्याने इतरांच्या ९५ धावा आणल्या, त्याही मॅरिसपेक्षा शंभरावर कमी अ‍ॅट-बॅटमध्ये. (मॅरिसचा आकडा कितीतरी वर्षं १४२ छापला जायचा. जुन्या स्कोअरकार्डांच्या तपासणीत त्यातली एक धाव चुकीची निघाली, म्हणून २०१०मध्ये जेंटील लीगमधला संयुक्त अव्वल ठरला आणि ओरिओल्स या त्याच्या बाल्टिमोरच्या संघाने त्याला पन्नास वर्षांपूर्वी कबूल केलेला पाच हजार डॉलरचा बोनस दिला. मला ही गोष्ट फार आवडते.) आरबीआय या आकड्यावर बॅटरच्या क्रमांकाचा आणि त्याच्या पुढच्या दोघांचा इतका ठसा असतो की दोन संघांतल्या बॅटरांची त्यावरून तुलना करणं मला चुकीचं वाटतं.

इथेच तिसऱ्या क्रमांकाचं खरं स्वरूप दिसतं. शतकभर तो संघातल्या सर्वोत्तम बॅटरचा मान समजला गेला. अलीकडे लाखो खेपांच्या नोंदी संगणकावर तपासल्या गेल्या, तेव्हा निघालं ते वेगळंच: सर्वांत चांगले तीन बॅटर पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या क्रमांकांवर शोभतात, तिसरा त्यांच्या खाली. कारण साधं आहे. पहिल्या इनिंगमध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या बॅटरसमोर दोन आउट झालेले असूच शकत नाहीत. तिसऱ्यासमोर ते बरेचदा असतात. चौथा पहिल्या इनिंगमध्ये आला तर बहुधा बेसवर कोणीतरी असतं, नाही आला तर दुसऱ्या इनिंगची सुरुवात तो करतो. तिसऱ्याच्या वाट्याला ‘दोन आउट, बेस रिकामे’ ही सर्वांत निष्फळ वेळ सर्वांत जास्त येते. तरीही या सगळ्या फेरफारांतून पूर्ण मोसमात साधारण दहा-पंधरा धावांचा, म्हणजे एखाद-दुसऱ्या विजयाचा फरक पडतो. मॅनेजरला ऑर्डरवरून जितक्या शिव्या खाव्या लागतात, त्यामानाने हा फरक फारच थोडा आहे.

एका जागेचे अठरा

आता मला जे सांगायचं आहे त्यावर येतो. क्रमांक बॅटरला एक गोष्ट नक्की देतो आणि ती मोजताही येते: खेपा.

सामना संपतो तेव्हा शेवटची खेप नऊपैकी कोणत्या तरी एका क्रमांकावर थांबते. बऱ्याच सामन्यांत ती नऊही जागांवर जवळपास सारखी विखुरते. म्हणून प्रत्येक क्रमांकाला त्याच्या लगेच खालच्या क्रमांकापेक्षा सामन्यामागे एक नवमांश खेप जास्त मिळते. १६२ सामन्यांच्या मोसमात त्या होतात अठरा. एक पायरी वर गेलं की वर्षाला अठरा जादा खेपा. सलामीचा आणि नववा यांच्यात १४४.

मॅरिस आणि मँटलच्या आकड्यांत हे चक्क दिसतं. मॅरिस १६१ सामन्यांत ६९८ खेपा: सामन्यामागे ४.३३५. मँटल १५३ सामन्यांत ६४६ खेपा: ४.२२२. फरक ०.११. एक नवमांश म्हणजेही ०.११! हा मेळ इतका तंतोतंत बसण्यात योगायोग आहे, हे मान्य. मॅरिस पूर्ण मोसम तिसऱ्या क्रमांकावर नव्हता आणि मधूनच सामन्यातून बाहेर पडल्याचेही काही प्रसंग असतील. पण फरकाची दिशा आणि आकार दोन्ही अपेक्षेप्रमाणेच आहेत.

दोघांच्या होम रनचा वेग पाहिला की या अठरांचं मोल कळतं. मँटलने त्या वर्षी ५१४ अ‍ॅट-बॅटमध्ये ५४ होम रन मारले, ९.५ला एक. मॅरिसने ५९० मध्ये ६१, ९.७ला एक. चेंडू खेळायला मिळाल्यावर मँटलच कणभर सरस होता. तो मागे पडला कारण त्याला १२६ वॉक मिळाले, मॅरिसपेक्षा आठ सामने तो कमी खेळला आणि तो एक जागा खाली होता. मॅरिसच्या वेगाने अठरा खेपांत दीड होम रन होतात. स्टेंगलची जुनी ऑर्डर तशीच राहिली असती, मॅरिस चौथा आणि मँटल तिसरा, तर बाकी सगळं जसंच्या तसं ठेवून मॅरिसचा आकडा साडेएकोणसाठच्या आसपास येतो. रूथचा विक्रम साठ.

१९६१मध्ये अमेरिकन लीगमध्ये आठांचे दहा संघ झाले आणि मोसम १५४ सामन्यांवरून १६२वर गेला, म्हणून कमिशनर फोर्ड फ्रिक यांनी १७ जुलैला जाहीर केलं की १५४ सामन्यांनंतर मोडलेल्या विक्रमाची नोंद वेगळी ठेवावी. त्या वाढीव आठ सामन्यांवरून केवढं रान उठलं! मॅरिसच्या डोक्यावरचे केस पुंजक्यांनी गळू लागले होते. १५४व्या सामन्यात, २० सप्टेंबरला बाल्टिमोरमध्ये, तो ५९वर होता. पण आठ सामने म्हणजे त्याच्या सुमारे पस्तीस खेपा, आणि हाउकने त्याला एक जागा वर आणून दिलेल्या जवळपास अठरा. पहिल्या आकड्यावर अमेरिका भांडत होती आणि दुसरा कुणाच्या गावीही नव्हता. सगळे मँटलच्या धाकाविषयी बोलत होते.

तीच जागा, तोच मँटल, तेहतीस होम रन

मागे मँटल असणं हेच कारण असतं, तर १९६२मध्येही त्याचा परिणाम दिसायला हवा होता. मॅरिस त्या वर्षी ५९० अ‍ॅट-बॅट खेळला. होय, १९६१इतकेच. होम रन झाले ३३, म्हणजे १७.९ अ‍ॅट-बॅटला एक. जवळजवळ निम्मे. मँटल त्या वर्षी १२३ सामनेच खेळला हे खरं, पण खेळला तेव्हा भन्नाट खेळला: सरासरी ०.३२१ आणि लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू. पिचरना त्याची भीती वाटण्याचं कारण कमी झालं नव्हतं, उलट वाढलं होतं. आणि १९६०मध्ये, बहुतांश वेळ मँटलच्या मागे खेळताना, म्हणजे मँटलचं प्रोटेक्शन नसताना, मॅरिसचा वेग होता १२.८ अ‍ॅट-बॅटला एक होम रन. १९६२पेक्षा कितीतरी चांगला. प्रोटेक्शन नसताना तो चांगला खेळला, असताना एकदा अफाट खेळला आणि एकदा बेताचा. या तीन मोसमांतून प्रोटेक्शनचा नियम निघत नाही.

मोठ्या अभ्यासांनीही असंच दाखवलं आहे. मागे कमकुवत बॅटर असेल तर चांगल्या बॅटरला वॉक जास्त मिळतात, एवढं सिद्ध होतं. पण त्याने चेंडूवर बॅट फिरवली, तर त्याचं काय होतं यावर मागच्या बॅटरचा नाव घेण्याजोगा परिणाम सापडत नाही. याचं मला आश्चर्य वाटत नाही. ताशी नव्वद मैलांनी येणाऱ्या चेंडूवर निर्णय घ्यायला बॅटरकडे अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ असतो. त्या वेळेत पुढचा बॅटर म्हणून वर्तुळात कोण थांबला आहे या विचाराला जागाच नसते.

मग १९६१मध्ये काय झालं? लीगमध्ये दोन नवे संघ आले, म्हणजे एरवी खालच्या स्तरावर खेळले असते असे पिचर वर आले. जेंटील आणि हार्मन किलब्रूने ४६-४६, रॉकी कोलाविटोने ४५, नॉर्म कॅशने ४१ होम रन मारले. यँकीजने संघ म्हणून २४०, तेव्हाचा उच्चांक. हवा होम रनची होती. काही जण यँकी स्टेडियमच्या जवळच्या उजव्या कुंपणाकडे बोट दाखवतात, कारण मॅरिस डावखुरा होता आणि चेंडू त्या बाजूला ओढून मारायचा. पण त्याचे ३० होम रन घरच्या मैदानावरचे आणि ३१ बाहेरचे. आणि उरलेलं, सर्वांत मोठं कारण म्हणजे सव्वीस वर्षांच्या एका ताकदवान बॅटरच्या आयुष्यातला तो सर्वोत्तम मोसम. एकसष्टावा होम रन १ ऑक्टोबरला बोस्टनच्या ट्रेसी स्टॅलार्डविरुद्ध आला, तेव्हा मँटल रुग्णालयात होता. सामना यँकीजने १-० असा जिंकला. ती एकमेव धाव म्हणजे तो होम रन.

वेगळ्या नोंदीची ती अट १९९१मध्ये रद्द झाली. मॅरिस १९८५मध्येच गेला होता. त्याच्या हयातीत त्याला कधी रूथच्या तर कधी मँटलच्या सावलीत उभं केलं गेलं, आणि त्यातली मँटलची सावली तर आकड्यांना धरूनही नव्हती. याचा मला आजही राग येतो.

जजची सलामी

अमेरिकन लीगमधला ६१चा आकडा २०२२मध्ये मोडला. तोही यँकीजच्याच आरन जजने. जजच्या खेपा ६९६, मॅरिसच्या ६९८. होम रन ६२. पण ठरवून दिलेले वॉक १९. त्याच्या मागे मँटलच्या तोडीचं कोणी नव्हतं. विरोधक त्याला खुशाल टाळत होते आणि तरीही तो ६२पर्यंत पोहोचला.

जज मोसमात बराच काळ दुसऱ्या क्रमांकावर खेळला आणि शेवटच्या टप्प्यात मॅनेजर आरन बूनने त्याला सलामीला पाठवलं. बासष्टावा होम रन ४ ऑक्टोबरला अर्लिंग्टनमध्ये आला, सामन्याची पहिलीच खेप, अर्थात बेस रिकामे. सहा फूट सात इंचांचा, संघातला सर्वांत ताकदवान बॅटर सलामीला! १९६१मध्ये अशी ऑर्डर लिहिणाऱ्या मॅनेजरला वेड्यात काढलं असतं. आता ती सरळ गणिताची गोष्ट आहे: ज्याची प्रत्येक खेप मोलाची, त्याला खेपा जास्त द्या. २०२४मध्ये मूकी बेट्सचा हात मोडल्यावर डॉजर्सने शोहेई ओहतानीला सलामीला आणलं. बेट्स परतल्यावरही ओहतानी तिथेच राहिला आणि मोसमाअखेर त्याच्या नावावर ५४ होम रन आणि ५९ बेसचोऱ्या होत्या.

२०२४मध्येच यँकीजनी १९६१ची जोडी जणू पुन्हा मांडली होती. दुसरा हुआन सोटो, तिसरा जज. सोटोने ४१ होम रन मारले आणि मागे जज असल्याने त्याला ठरवून वॉक जवळजवळ मिळालेच नाहीत. पण त्याचे एकूण वॉक होते १२९. मॅरिससारखंच: ठरवून कोणी टाळत नव्हतं, कडेकडेने सगळेच टाळत होते. आणि ०.४१९ ऑन-बेस टक्केवारीचा सोटो पुढे असल्यामुळे जजचे आरबीआय गेले १४४वर. मॅरिसच्या पुढे सोटोसारखा कोणी असता तर ६१ होम रनवर त्याचे आरबीआय किती झाले असते, याचा हिशोब कुणीतरी नीट मांडायला हवा. माझ्या अंदाजाने ते १६०च्या खाली नसते.